ओटी भरलेली काहील

आमच्या माहेरी, आष्ट्याच्या पुढे नदीकडच्या मळ्यात, दाराशेजारच्या भिंतीला टेकवून एक लोखंडी काहील उभी केलेली आहे. काहील म्हणजे गुऱ्हाळात उसाचा रस कढवायची ती भलीमोठी पसरट कढई. आत गोल करून माणसं पत्ते खेळत बसतील एवढी. तिच्या बुडाला ठिकठिकाणी पांढुरके, खडबडीत डाग आहेत, आणि आतल्या बाजूच्या सगळ्यांत मोठ्या डागावर एका बाईच्या पंजाचा ठसा आहे. नवा पाहुणा आला की हमखास विचारतो, हे काय म्हणून. माझा धाकटा भाऊ म्हणतो, आक्काला विचारा, ती मास्तरीण आहे, नीट सांगेल. मी सांगायला लागते आणि मध्येच माझा आवाज बदलतो. पोरांवर ओरडून ओरडून कमावलेला आवाज असा चारचौघांत दगा देतो, ते मला आवडत नाही. म्हणून एकदाचं लिहून टाकते आहे.

सुरुवात आप्पांपासून करायला हवी. आप्पा म्हणजे माझे वडील. ते फौजेत होते, पूल बांधणाऱ्या पलटणीत. पेन्शनवर आले तेव्हा एक काळी ट्रंक, एक होल्डॉल आणि थोडं इंग्रजी घेऊन आले. त्यांचे कुणी साहेब जुन्या ट्रकच्या बॉनेटवर थाप मारून म्हणायचे म्हणे, ‘शी इज ऑन हर लास्ट लेग्ज.’ आप्पांनी ते आपल्या मापाने बेतून घेतलं. ‘लास्ट लेगवर हाय’ हे वाक्य आमच्या घरात दिवसातून एकदा तरी व्हायचंच. विहिरीवरची मोटर लास्ट लेगवर, रेडिओ लास्ट लेगवर, छत्री, सायकल, गोठ्याचं दार, म्हातारं मांजर. माझ्या लग्नात सासरकडच्या एका वयस्क काकांना बघून ते हळूच आईच्या कानात हेच बोलले होते, आणि ते काका पुढे पुष्कळ वर्षं ठणठणीत जगले.

मी साताऱ्यात एका शाळेत इंग्रजी शिकवते. नववीच्या वर्गात हा वाक्प्रचार आला की मी फळ्यावर अर्थ लिहिते: झिजून झिजून मोडकळीला आलेलं, आता संपत आलेलं. पोरं वहीत तीन पायांचं टेबल काढतात, एखादा टवाळ हेडमास्तरांची खुर्ची काढतो, आणि आम्ही पुढच्या धड्याला लागतो.

आमच्या घरात मात्र या शब्दांचा अर्थ निराळा होता. आप्पांनी एखाद्या वस्तूला लास्ट लेगवर म्हटलं की तिची बढती व्हायची. ती वस्तू अंगणातून ओसरीवर यायची, ओसरीवरून आप्पांच्या खाटेजवळ. तिला तेलपाणी व्हायचं, पावसाळ्यात तिच्यावर पोतं पडायचं. मोटरीचं बटण दाबण्याआधी आप्पा तिच्या पाठीवर हात ठेवून ‘चल गं बाई’ म्हणत. मी एकदा वैतागून विचारलं, लोखंडाला काय ऐकू येतं का? ते म्हणाले, “लास्ट लेगवरच्या मालाला हुकूम द्यायचा न्हाई. इनंती करायची.”

मला हे सगळं डोक्यात जायचं. मला अडगळीचा मनापासून तिटकारा आहे. साताऱ्याच्या माझ्या घरात वर्षभर न वापरलेली वस्तू पुढची दिवाळी बघत नाही. नवरा तर म्हणतो की तो रोज काही ना काही काम करत राहतो ते माझ्या भीतीने.

काहील लास्ट लेगवर असल्याचं आप्पांनी मी कॉलेजात असतानाच जाहीर केलं होतं. तेव्हा आमचं गुऱ्हाळ जोरात चालायचं. बूड पातळ झालंय, एवढा सिझन काढला तरी पुष्कळ, असं गूळ करणारा गुळव्या म्हणायचा. आप्पा तिच्या काठाला हात लावायचे, नमस्कार केल्यासारखं करायचे, आणि ती तो सिझन काढायची. मग पुढचाही. पुढे सगळा ऊस साखर कारखान्याला जायला लागला, काहिलीखालचं चुलवाण ढासळलं, ऊस पिळायचा चरक कुणीतरी नेला. छपराखाली काहील तेवढी राहिली. तिच्यात भाऊ भुसा टाकायचा, कोंबड्या अंडी घालायच्या.

मग आप्पांना झटका आला. उजवी बाजू गेली, हात-पाय गेले आणि बोलणंही गेलं. सांगलीच्या दवाखान्यात मी पोचले तेव्हा त्यांनी माझ्याकडे बघितलं, अर्ध्या तोंडाने हसायचा प्रयत्न केला आणि म्हणाले, “लास... लेग.” मी ‘हो हो, बरे व्हाल’ असं काहीतरी बोलले आणि बाहेर येऊन जिन्यात बसून रडले. त्यानंतर त्यांच्याकडे शब्द राहिले ते दोन-चारच. हां, नको, आगं आणि ते इंग्रजी.

त्यांना घरी आणल्यावर शेजारच्या वस्तीवरचा एक तरुण, जो स्वतःही फौजेत आहे, सुट्टीवर आला तेव्हा भेटायला आला. खाटेसमोर उभा राहिला, टाचा जुळवल्या आणि कडक सॅल्यूट ठोकला. आप्पांचा डावा हात पांघरुणावरून उठला, अर्ध्यापर्यंत गेला आणि थांबला. आप्पांच्या लेखी डाव्या हाताचा सॅल्यूट हा सॅल्यूटच नव्हे. भाऊ लहान असताना पंधरा ऑगस्टला त्याने झेंड्याला डाव्या हाताने सॅल्यूट केला होता, तर भर मैदानात त्याच्या पाठीत धपाटा बसला होता. आप्पांनी हात खाली घेतला आणि तोंड भिंतीकडे केलं. त्या पोराला काही कळेना. तो वाकून पाया पडला आणि गेला. आप्पांनी त्या दिवशी चहा घेतला नाही.

ही सगळी मागची हकिकत. आता पंचमीची.

नागपंचमीला मी माहेरी गेले. भावजय पोरांना घेऊन तिच्या माहेरी, रहिमतपूरला गेलेली. घरात आई, आप्पा, भाऊ आणि मी. मोकळं घर बघून माझे हात शिवशिवायला लागले आणि मी आवरायला काढलं. गंजकी मोटर, फुटका पंप, पत्रे, आणि काहील. आष्ट्याच्या भंगारवाल्याला मी फोन केला, तो सण झाला की टेंपो घेऊन येतो म्हणाला. भावाची हरकत नव्हती. आईचीही नव्हती, पण तिने एक अट घातली.

या घराला जिने इतकी वर्षं गोड खाऊ घातलं ती लक्ष्मी पारोशी घराबाहेर पडायची नाही, असं तिचं म्हणणं. मग तिने पदर खोचला आणि राख, चिंच, नारळाची शेंडी आणि विटेचा तुकडा घेऊन काहिलीत बसून तिला घासायला लागली. वर्षानुवर्षं उकळलेल्या रसाचा काळा, डांबरासारखा थर बुडाला बसला होता. तो ती खरवडत राहिली. तो आवाज मळाभर ऐकू जात होता. आतून आप्पा सारखे म्हणत होते, “नको. नको.”

आई हात न थांबवता म्हणाली, “आवं, जुनं झालं, जाऊ द्या की आता.”

मी आत गेले आणि आप्पांच्या उशाशी बसून त्यांना माझ्या वर्गातल्या आवाजात समजावलं की वस्तूंमध्ये एवढा जीव अडकवायचा नसतो. त्यांनी डोळे मिटून घेतले. मला वाटलं, पटलं.

संध्याकाळी काहील अशी लखलखली की भावाने तिच्यात बघून केस विंचरले. आईने तिच्या काठाला हळदकुंकू लावलं, आत तांदूळ घातले, नारळ ठेवला, हिरवा खण ठेवला. तिची ओटी भरली. मी हसून म्हटलं, भंगारवाला त्या खणाचं काय करणार गं? आई गंभीरच होती. “तू सासरला निगालीस तवा तुजी भरली. ही बी घरातनं जातीया. मोकळी कशी धाडायची?”

भंगारवाला आला नाही. पाणी आलं.

माझं सासर मेढ्याकडचं, डोंगरातलं. तिथून माझ्या जावेचा फोन आला की आभाळ फाटलंय, खाचरांचे बांध गेले. मेढ्याची बातमी आमच्याकडे आधी फोनवरून येते आणि मग नदीतून. तिकडचं पाणी वेण्णेतून कृष्णेत उतरतं, साताऱ्याला वळसा घालून खाली येतं आणि वाटेत सगळ्यांना बरोबर घेतं. भावाने म्हशी गावात उंचावर नेऊन बांधल्या. आप्पांना न्यायला टेंपो ठरवला, पण टेंपो यायच्या आत रस्त्यावरची मोरी पाण्याखाली गेली आणि तो पलीकडेच थांबला. तरी आम्ही फार घाबरलो नव्हतो. गुऱ्हाळाचा उंचवटा आजवर कधी बुडाला नाही, आणि घर त्याच्याच शेजारी, हा आमच्या घरातला पिढीजात भरवसा होता.

तो भरवसा हळूहळू भिजत गेला. आधी उसाच्या सऱ्या भरल्या. मग उसाचे नुसते शेंडे दिसायला लागले. मग कुंपणावर साप दिसायला लागले. ज्यांना परवा दूध-लाह्या वाहिल्या ते पाठोपाठ घराकडेच निघाले होते, आणि मला त्यातही हसू आलं, कारण दुसरं काय करणार? लाईट गेली होती. होड्या खालच्या गावांकडे होत्या, तिथे आमच्यापेक्षा वाईट हाल होते, थांबा असा निरोप मिळाला आणि मग सगळ्यांचे फोन बंद पडले. दुपारी पाणी पायरीला लागलं. आम्ही तिघं धरून-बांधून, गळ्याइतक्या पाण्यातून कसेतरी गेलो असतो. आप्पा कसे जाणार होते? खाट उचलायला माणसं नव्हती, आणि असती तरी त्या पाण्यात खाट डोक्यावर कुणी धरणार?

तेवढ्यात सुट्टीवर असलेला शेजारच्या वस्तीवरचा तो जवान पोहत आला. घरच्यांना त्याने आदल्या दिवशीच पोचवलं होतं आणि तो आप्पांसाठी परतला होता. त्याने छपराखाली नजर टाकली आणि म्हणाला, “काईल हाय की.”

आमच्या भागातल्या माणसाला यात काही नवल वाटत नाही. पूल नव्हते तेव्हा माणसं काहिलीत बसूनच नदी ओलांडायची. आजीची वरातसुद्धा तशीच आली होती असं आप्पा सांगायचे. मला एकदम हायसं वाटलं. आईने ओटीतला नारळ आणि खण काढून घेतला, आणि दोघांनी काहील उचलून अंगणातल्या पाण्यात सोडली. ती क्षणभर छान तरंगली आणि मग तिच्या बुडातून पाणी वर यायला लागलं. एका जागेतून नाही, सगळीकडून. बारीक बारीक कारंजी उडाल्यासारखं.

त्यांनी ती ओढून ओसरीवर काढली आणि पालथी केली. मी खाली वाकून आत बघितलं. चाळणीतून दिसावा तसा उजेड दिसत होता.

मग आम्हाला सगळ्यांना एकदमच कळलं. ते बूड केव्हाच गेलं होतं. जळक्या रसाचा तो काळा थर होता म्हणून ती काहील काहील होती, आणि तोच थर आईने घासून काढला होता. आप्पांचं नको-नको मला आता ऐकू आलं. आई उंबऱ्यात खाली बसली. “म्या केलं,” एवढंच म्हणाली.   घरची लक्ष्मी स्वच्छ करून पाठवावी असं तिला वाटलं होतं.

आतून खाटेवर हात आपटल्याचा आवाज यायला लागला. मी धावत गेले. आप्पा डाव्या हाताने भिंतीवरच्या खुंटीकडे दाखवत होते. खुंटीला त्यांची तंबाखूची चंची. डॉक्टरांनी तंबाखू बंद केल्यालाही दिवस झाले होते, पण आईने चंची तिथून हलवली नव्हती. माझं टाळकंच सरकलं. घरात पाणी शिरतंय आणि या माणसाला तंबाखू सुचतेय? मी तोंड उघडणार तेवढ्यात आई माझ्या मागून आली. तिने आप्पांकडे बघितलं, चंचीकडे बघितलं. या वेळी तिने घाई केली नाही. आप्पांची नजर खुंटीवरून स्वयंपाकघराच्या फळीवर गेली, परत खुंटीवर आली. फळीवर गुळाची ढेप होती. आईने चंची उतरवली, उलगडली, तंबाखू बाजूला काढली आणि चुन्याची डबी त्यांच्या डोळ्यांसमोर धरली.

“चुना आन् गूळ? व्हय वो?”

आप्पा म्हणाले, “हां.”

गुऱ्हाळातला रसाचा हौद ती दोघं दर सिझनला चुना आणि गूळ कुटून लिंपायची, हे मला नंतर कळलं. तेव्हा मी नुसती बघत राहिले. इंग्रजी, मराठी, सगळं येणारी मी तिथे उभी होते आणि जेमतेम चार शब्दांत दोन म्हातारी माणसं केवढं बोलली होती.

डबीत नखभर चुना होता. भाऊ आणि तो जवान पाण्यातून वस्त्या-वस्त्यांवर गेले. लोक दागिने आणि कागदपत्रं हलवत होते आणि आमच्या घरी चुन्याच्या डब्या गोळा होत होत्या. माळ्यावर जाऊन बसलेल्या एका म्हाताऱ्याने आपली डबी देताना विचारलं म्हणे, परत कवा देणार? एका घराच्या वळचणीला दिवाळीच्या रंगाचा उरलेला चुना निघाला आणि आमचं नशीब फळफळलं. आईने उखळात गूळ आणि चुना कुटायला घेतला, आप्पांच्या उशीतला कापूस ओढून त्यात मळला, आणि काहिलीत बसून, जिथे जिथे उजेड दिसत होता तिथे तिथे तो लगदा दाबत गेली. सगळ्यांत मोठ्या भोकाला नुसता लगदा पुरेना. तिने ओटीतला हिरवा खण फाडला, त्याची घडी लगद्यात भिजवून तिथे बसवली आणि वरून पुन्हा लिंपलं. मग काहील ओसरीवरच दोन खाटांवर चढवली आणि चुलीतले निखारे पाटीत घालून तिच्यात ठेवले. घरात पाणी चढत होतं आणि आम्ही खाटांवर चढून ते डाग सुकायची वाट बघत होतो. पहाटेकडे तापलेल्या लोखंडाला गुळाचा वास सुटला. माझ्या लहानपणीचे सगळे हिवाळे त्या वासात होते. आप्पा डोळे उघडे ठेवून तो वास घेत पडले होते.

उजाडलं तेव्हा पाणी त्यांच्या खाटेच्या पट्टीला लागत होतं. काहिलीत वाळक्या पाचटाचा बिछाना केला, वर कांबळं टाकलं आणि आप्पांना उचलून त्यात ठेवलं. आईने त्यांच्या उशाशी बैठक मारली. मी पायाशी बसले. भाऊ आणि जवान दोन बाजूंच्या कड्या धरून पाण्यात उतरले आणि त्यांनी आम्हाला ओसरीवरून बाहेर ढकललं.

मी बुडाकडे बघत होते. एकेका डागाकडे. पाणी येत नव्हतं.

काहिलीला पुढची बाजू नसते. ती गोल, तिला दिशा कळत नाही. ढकललं की ती पुढे जाता जाता सावकाश फिरत राहते. मी काठाला धरून बसले होते आणि माझ्यासमोरून सगळा मुलूख फिरत होता. देवळाचं शिखर, विजेच्या खांबांचे माथे, उसाचे शेंडे, आमच्या घराचं कौलारू पाखं, पुन्हा देवळाचं शिखर. ज्या बांधावरून मी शाळेला चालत गेले तो बांध माझ्या खाली कुठेतरी होता. एवढं पाणी, आणि आमच्यात आणि त्याच्यात होतं काय? झिजून कागदासारखं झालेलं लोखंड, चिमूटभर चुना आणि गूळ. मला भीती वाटत होती, खोटं कशाला सांगू.  पण जिला मी फोन करून विकायला काढलं होतं तीच मला मांडीवर घेऊन निघाली होती.

ओढ्याच्या जागेवर आलो तेव्हा पाण्याचा जोर लागला. काहील गरकन फिरली, भावाच्या हातातली कडी सुटली आणि त्याने पोहत येऊन ती पुन्हा धरली. त्या हिसक्याने मोठ्या डागाच्या कडेला ओल दिसायला लागली. ओल वाढली, मग एक थेंब, मग धार.  आईने बांगड्या मागे सारल्या, उजवा पंजा त्या डागावर ठेवला आणि अंगाचा सगळा भार त्याच्यावर टाकला. धार थांबली. ओला चुना हाताला चावतो, हे तिला ठाऊक होतं. ती तशीच बसून राहिली. आप्पांची नजर तिच्या हातावरून हलत नव्हती.

आणि मी, जी वर्षभर न वापरलेल्या वस्तूला दिवाळी बघू देत नाही, मी काहिलीच्या काठावर हात ठेवला आणि मोठ्याने म्हणाले, “चल गं बाई.”

मला आप्पा हसल्यासारखे वाटले. खात्रीने सांगता येत नाही, कारण मला तेव्हा नीट दिसत नव्हतं.

देवळाजवळ रस्ता उंच आहे. तिथे टेंपो उभा होता, गावातली माणसं गुडघाभर पाण्यात पुढे आली होती. काहील जमिनीला टेकली तसा सगळ्यांनी एकच गलका केला, आप्पांना कांबळ्यासकट उचललं आणि टेंपोकडे न्यायला लागले. आईने तेव्हा कुठे हात काढला. पंजा लालभडक झाला होता, आणि काहिलीच्या बुडाला त्याचा ठसा तसाच राहिला होता. मोकळी झालेली काहील उचलली गेली आणि पाण्याबरोबर मागे सरकायला लागली. कुणीतरी म्हणालं, जाऊ दे, भंगारच हाय.

“जाऊ दे कसं?” आई म्हणाली. “वटी भरून धाडलेली लेक हाय ती. माहेराला आलीया.”

आप्पांनी टेंपोच्या फळीला डाव्या हाताने धरून ठेवलं होतं. सोडेनात. माणसं म्हणत होती, आप्पा, हात सोडा, दवाखान्यात जायचंय. भाऊ परत पाण्यात शिरला, जवानाने त्याला हात दिला, आणि दोघांनी काहील ओढत वर रस्त्यावर आणून ठेवली. तेव्हा आप्पांनी फळी सोडली. त्यांनी मला खूण केली, मी त्यांच्या पाठीला आधार देऊन त्यांना बसतं केलं. ते काहिलीकडे बघत राहिले. तिच्या आत चिखल होता, पाचट होतं, ओटीतले थोडे तांदूळ अजून कडेला चिकटलेले होते.

त्यांचा डावा हात उठला. मला वाटलं आता तो कपाळाला जाईल. तो तिकडे गेला नाही. त्यांनी मांडीवर पडलेलं आपलं उजवं मनगट डाव्या हाताने धरलं, आणि तो गेलेला हात, दात-ओठ खात, वर वर नेत कपाळाला लावला. बोटं सरळ होत नव्हती. ती त्यांनी अंगठ्याने दाबून सरळ केली. जवानाने टाचा जुळवल्या आणि तोही त्यांच्या शेजारी काहिलीकडे तोंड करून ताठ उभा राहिला.

टेंपोवाला हॉर्न वाजवत होता. आप्पांचा हात खाली येईपर्यंत आमच्यातलं कुणीही जागचं हललं नाही.